करकोच्याचे दोनशे वॅट

गुरुवारी दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी विटोल्ड पेन्कालानं स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची ओढली. तो आवाज ऐकून त्याच्या बायकोनं, तेक्लानं, कोबी चिरायचं थांबवलं आणि सुरी खाली ठेवली. भांडताना हातात सुरी नको, असा तिचा नियम होता.

"बस आता ओरडत. त्याला ऐकू जाणार नाहीये."

"आज जाईल. अँटेना वर चढवलीये."

"करकोच्याच्या घरट्याच्या खांबावर! वसंतात बिचारा पक्षी परत येईल आणि बघेल तर घरात लोखंडी दांडा. सगळं गाव थुंकतंय माझ्या तोंडावर."

"गाव काय, गाव कशावरही थुंकतं," विटोल्ड म्हणाला आणि त्यानं खिडकीच्या कट्ट्यावरचा, ट्रकवाले आपसात बोलायला वापरतात तसला सीबी रेडिओ चालू केला. रेडिओ खरखरला. गेली दोन वर्षं तो बहुतेक वेळ खरखरतच होता.

त्याआधी असं नव्हतं. आमच्या ओल्शिंका गावाच्या खालून तेव्हा हमरस्ता जायचा, आणि त्यावर ट्रकची रांग कधी तुटायची नाही. विटोल्ड स्वतः लाकडाच्या वखारीचा ट्रक चालवायचा. पाठीच्या मणक्यानं राजीनामा दिला तेव्हा त्यानं ट्रकमधला रेडिओ काढून खिडकीत ठेवला. खिडकीतून वळण दिसायचं, पेट्रोल पंप दिसायचा, आणि पंपामागं गाडी लपवून उभे राहणारे पोलीसही दिसायचे. एकोणीस नंबरच्या चॅनलवर ड्रायव्हर विचारायचे, "रस्ता कसा आहे?" आणि 'करकोचा' या नावानं विटोल्ड सांगायचा, "पंपामागं दोन अस्वलं." पोलिसांना आमच्याकडं हवेवर, म्हणजे रेडिओवर, अस्वल म्हणतात. ट्रकची कागदपत्रं तपासणारे हिरव्या पट्ट्याच्या गाडीतले सरकारी लोक, त्या मगरी. काहीच नसेल तर करकोचा म्हणायचा, "साफ आहे." आणि तो साफ म्हणाला की साफ असायचा. बावीस वर्षांत त्याची बातमी एकदाही चुकली नव्हती. 'हातोडा' नावाच्या एका ड्रायव्हरनं एकदा अस्वलं समोर उभी असताना गंमत म्हणून साफ सांगितलं, तर विटोल्ड त्याच्याशी जन्मात पुन्हा बोलला नाही. हातोड्यानं नंतर ख्रिसमसला तीनदा माफी मागितली. विटोल्डनं बटणाला हातसुद्धा लावला नाही.

आणि मग होता काकडी. दर गुरुवारी सव्वा वाजता तो लोणच्याच्या काकड्यांच्या बरण्या भरलेला ट्रक घेऊन पश्चिमेकडं जायचा. टेकडी उतरल्यापासून नदीच्या पुलापर्यंत चार मिनिटं लागायची, तेवढ्यात बोलून व्हायचं. गुडघे, सूप, सरकार, पुन्हा गुडघे. काकडीची बायको गेली तेव्हा तो चार चार मिनिटं करून सहा गुरुवार रडला, आणि विटोल्ड सहा गुरुवार नुसतं "हो, हो" म्हणत राहिला. दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. एकमेकांचं खरं नावही माहीत नव्हतं. हवेवर नाव विचारायचं नसतं, फोन नंबर तर मुळीच नाही. तशी रीतच आहे. विटोल्डला सख्खा भाऊ होता, पण दाराला कुलूप लावून खुर्चीत बसून वाट बघावी असा माणूस त्याला जगात हा एकच होता.

दोन वर्षांपूर्वी जंगलापलीकडं नऊ किलोमीटरवर मोटरवे सुरू झाला. आमचा रस्ता एका रात्रीत म्हातारा झाला. पंप बंद पडला, वळणावर गवत आलं. मोटरवेवरच्या ड्रायव्हरांनी रेडिओ काढून टाकले, कारण आता फोनमधली बाईच सांगते, पुढं पोलीस आहेत म्हणून. एकोणीस नंबरवर दिवसचे दिवस कोणी खोकत नव्हतं. पण गुरुवारी सव्वा वाजता, नऊ किलोमीटरवरून, काकडी अजून हाक मारायचा.

आजही मारली. खरखरीतून बारीकसा आवाज आला, "करकोचा, करकोचा, मी काकडी. आहेस का रे?"

"आहे! आहे!" विटोल्डनं बटण इतक्या जोरात दाबलं की तेक्लाचं भांडणही थांबलं. "आहे मी! ऐकू येतंय का?"

"करकोचा... आहेस का? तब्येत बरी आहे ना?" मग बराच वेळ खरखर. "बरं. रुंद रस्ता लाभो तुला."

आणि गेला. विटोल्ड माइक हातात धरून बसून राहिला. तेक्लानं सुरी उचलली आणि मुकाट्यानं कोबी चिरायला घेतला. तिलाही वाईट वाटलं होतं, पण ते सांगायची तिची पद्धत म्हणजे कोबी बारीक चिरणं.

"त्याला वाटत असेल मी मेलो," विटोल्ड म्हणाला.

शहरात गुस्ताव नावाचा माणूस सीबी रेडिओचं दुकान चालवायचा. म्हणजे एका भिंतीवर सीबी रेडिओ होते आणि उरलेल्या तीन भिंतींवर मोबाइलची कव्हरं. विटोल्डला पाहून तो उठूनच उभा राहिला, कारण वसंतानंतर रेडिओच्या भिंतीकडं वळलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक होतं.

"मला त्याचं ऐकू येतं, त्याला माझं जात नाही," विटोल्डनं सांगितलं.

"चार वॅट!" गुस्ताव हळहळला. "चार वॅटमध्ये काय होतंय, साहेब? कायद्यानं तेवढेच, ते खरंय. पण कायदा करणाऱ्यांना कुठं नऊ किलोमीटरवर मित्र आहे?" त्यानं दाराकडं पाहिलं आणि टेबलाखालून वहीएवढी एक काळी पेटी काढली. "ही रेडिओ आणि अँटेनाच्या मध्ये बसवायची. शंभर वॅट. जर्मनीत ऐकू जाल."

"जर्मनीत माझं कोणी नाही."

"मग हा माइक पण घ्या. यात घुमारा आहे. आवाज भरीव होतो, गर्दीत उठून दिसतो."

चॅनलवर गर्दी नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण दोघंही एकोणीस नंबरची माणसं होती, आणि मेलेल्याबद्दल वाईट बोलत नाहीत. विटोल्डनं दोन्ही घेतलं.

पेटी बसवली आणि पहिली गोष्ट झाली ती म्हणजे खरखर बंद झाली. विटोल्डनं तेक्लाला हाक मारून ऐकवलं. "बघ! काहीच आवाज नाही. किती स्वच्छ!"

"काहीच आवाज नाही हे चांगलं का?"

"याला क्वालिटी म्हणतात."

गुरुवार आला. सव्वा वाजला. विटोल्डनं हाक मारली. रेडिओ स्वच्छ गप्प राहिला. पुढच्या गुरुवारी त्यानं दहा मिनिटं हाका मारल्या, तरी गप्प. त्याच्या पुढच्या गुरुवारी शेजारचा झिग्मुंट कुंपणाशी आला.

"विटोल्ड, माझं फाटक उघडतंय."

"मग बंद कर."

"विजेचं आहे ते, रिमोटवरचं. दर गुरुवारी सव्वा वाजता आपणहून उघडतं, बंद होतं, उघडतं. तुझं बोलणं संपेपर्यंत. माझी टर्की दोनदा रस्त्यावर गेली. आज एक आलीच नाही."

"माझ्या बोलण्याचा आणि तुझ्या टर्कीचा काय संबंध?"

"तू 'काकडी' म्हणालास की उघडतं. मी उभा राहून पाहिलंय."

खरं तर विटोल्डला यातून एकच गोष्ट कळली. शंभर वॅटमध्ये कुंपणापलीकडचं फाटक हलतं, म्हणजे पेटी काम करतेय, पण नऊ किलोमीटरवरचा माणूस हलत नाही, म्हणजे ती पुरत नाही. हिशेब सरळ होता. तो गुस्तावकडं गेला आणि शंभराची पेटी देऊन दोनशेची घेऊन आला. तिचा पंखा इतका मोठा होता की तेक्लानं तिच्यासमोर मोजे वाळत घातले.

नवी पेटी बसवली तो गुरुवारच होता, आणि त्याच दिवशी लुद्विका आजींचा अंत्यविधी होता. आजी एक्याण्णव वर्षांच्या, जपमाळ मंडळाच्या प्रमुख, आणि तेक्ला त्यांचा उजवा हात. विटोल्डनं सांगितलं की मणका दुखतोय.

"गुरुवारीच दुखतो मेला तुझा मणका," तेक्ला काळा स्कार्फ बांधत म्हणाली. "तू मेलास की मी तुला गुरुवारी पुरणार आहे. बघते कसा उठून खिडकीशी जातोस."

चर्चमध्ये मावली नाहीत एवढी माणसं आली होती. उरलेली पावसात अंगणात उभी होती आणि त्यांच्यासाठी बाहेरचे कर्णे लावले होते. फादर रादोस्लावांनी शवपेटीवर धूप फिरवला. हा माणूस घाईचा. तीन गावांची तीन चर्चं एकट्यानं सांभाळायचा, आणि त्याची चंदेरी गाडी आमच्या चिखलातून अशी जायची की कोंबड्यांना निर्णय घ्यायला वेळ मिळायचा नाही. पण अंत्यविधी ते मन लावून करायचे. ते म्हणाले, "आता आपण लुद्विकासाठी क्षणभर शांत राहू."

सगळे शांत राहिले. एक वाजून पंधरा मिनिटं झाली होती.

"काकडी... काकडी... काकडी..." छतातून आवाज आला. आवाज भरीव होता, गर्दीत उठून दिसणारा होता, आणि घुमत घुमत शवपेटीवर उतरत होता. "आहेस का तिथं... तिथं... तिथं..."

सगळ्यांनी शवपेटीकडं पाहिलं.

"किती दिवस झाले, बोलत का नाहीस? माझ्यावर रागावलायस का?"

पहिल्या ओळीत लुद्विका आजींचा पुतण्या होता, शहरातला, अकरा वर्षांत घराकडं न फिरकलेला. तो गुडघ्यावर कोसळला आणि "चुकलं माझं" म्हणाला. ऑर्गन वाजवणारा हुशार होता, त्यानं सगळ्या पट्ट्या एकदम दाबून आवाज बुडवायचा प्रयत्न केला. पण दोनशे वॅटपुढं ऑर्गनचं काय चालणार?

"अस्वलं आहेत का वाटेत? मगरी आहेत? काहीतरी सांग! रस्ता तरी सांग कसा आहे!"

बाहेर अंगणात बायकांनी छातीवर क्रूस काढले. शाळेच्या निवृत्त मास्तरीण बाईंनी नंतर सांगितलं की परलोकात मगरी असतील असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. वर सज्जात जपमाळ मंडळात तेक्ला उभी होती. चव्वेचाळीस वर्षं ती हा आवाज ऐकत आली होती. तिनं स्कार्फ पुढं ओढून डोळे झाकले आणि लुद्विका आजींच्या जागी आपण असतो तर बरं झालं असतं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

इकडं खिडकीशी विटोल्डला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की दोनशे वॅट झाले, तरी काकडी बोलत नाही. त्यानं पेटी बंद केली. बाहेर झिग्मुंटचं फाटक उघडंच राहिलं होतं आणि पाऊस पडत होता. म्हणजे रागावलाय, किंवा गेलाय, असं त्याच्या मनात आलं. आणि आपल्याला कोण कळवणार? ज्याचं नाव माहीत नाही त्याच्या मरणाची बातमी कुठं विचारायची, हे त्याला सुचेना.

तेक्ला तीन वाजता आली, अंत्यविधीच्या जेवणातलं कोंबडीचं सूपही न घेता. ती काही बोलली नाही. संध्याकाळीही बोलली नाही. एवढी शांतता त्या घरात लग्नापासून झाली नव्हती, तेव्हा विटोल्डला समजलं की काहीतरी भयंकर घडलंय. काय घडलंय ते शुक्रवारी सकाळी फादर रादोस्लाव आले तेव्हा कळलं. चर्चच्या कर्ण्यांतून काय काय ऐकू आलं ते फादरांनी सगळं सांगितलं, घुमाऱ्यासकट. विटोल्ड ऐकत गेला आणि खुर्चीत लहान होत गेला.

"आजच काढून टाकतो सगळं," तो म्हणाला. "तसंही कोण उरलंय? तो बोलतच नाही आता."

फादरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. तेक्लाकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं.

"बोलतो तो."

"कोण?"

"काकडी." फादरांचे कान लाल झाले. "माझ्या गाडीत पण रेडिओ आहे, विटोल्डकाका. सीटखाली. तीन चर्चं, त्यात शाळेतले तास, वेळेत पोचायचं कसं? तुमच्या आवाजावरच मी सहा वर्षं पोलिसांना चुकवलंय."

"आणि संत क्रिस्तोफरच्या दिवशी?" तेक्लाच्या तोंडून एका दिवसाचं मौन फुटलं. "गाड्यांना आशीर्वाद देताना काय सांगितलंत, फादर? सज्जन ड्रायव्हरला पोलिसाची भीती नसते!"

"सांगितलं," फादर म्हणाले. "म्हणूनच आधी येऊन बोललो नाही. चुकलं." त्या घरात माणसानं पाद्र्याची कबुली ऐकायची वेळ आली होती. "काका, गुरुवारी मी शाळेत जाताना मोटरवेच्या दिशेनंच जातो. कालचा सोडून आधीचे तीन गुरुवार ऐकलंय. तुम्ही हाक मारता, तो ओरडून सांगतो, 'करकोचा, विहिरीतून बोलतोयस पण येतोयस! जिवंत आहेस!' तुम्ही म्हणता, बोल ना. तो बोलतो. तुम्ही विचारता, रागावलास का? तो म्हणतो, नाही रे बाबा. तुम्ही पुन्हा विचारता. पहिल्या गुरुवारी मी हसलो. दुसऱ्या गुरुवारी नाही हसू आलं."

विटोल्ड उठला. त्यानं दोनशे वॅटच्या पेटीला हात लावला. मग हळूहळू त्याला ती स्वच्छ शांतता आठवली, जिला क्वालिटी म्हणतात. गुस्तावच्या पेट्या आवाज बाहेर ढकलत होत्या आणि आत काहीच येऊ देत नव्हत्या. आधी त्याला ऐकू येत होतं आणि त्याचं जात नव्हतं. मग त्याचं जायला लागलं, आणि त्याला ऐकू येईना झालं. आणि दरवेळी त्यानं काय केलं होतं, तर आणखी मोठ्यानं ओरडला होता.

"आणखी काय म्हणाला तो?"

"कालच्या आधीच्या गुरुवारी म्हणाला, दोन फेऱ्या उरल्यात. डोळ्यांचा डॉक्टर कागदावर सही करत नाही. मग किल्ल्या द्यायच्या आणि गावी जायचं, तिकडं समुद्राकडं. त्यातली एक काल झाली." फादरांनी ग्लास बाजूला सारला. "मी माझ्या रेडिओवरून हाक मारली त्याला. माझी छोटीशी अँटेना, छपरावर चुंबकानं चिकटवलेली. नाही पोचलं."

पुढचा गुरुवार शेवटचा होता.

विटोल्डनं पेटी उपटली, घुमाऱ्याचा माइक उपटला, जुना माइक लावला आणि रेडिओ चालू केला. खरखर आली नाही. त्यानं तो गुस्तावकडं नेला. गुस्तावनं झाकण उघडून वास घेतला आणि डोळे मिटले.

"आतला कान जळला, साहेब. दोनशे वॅट उलटे आले असतील. आता हा फक्त बोलतो."

"दुसरा दे."

"दुसरा?" गुस्तावनं रेडिओच्या भिंतीकडं हात केला. तिथं मोबाइलची कव्हरं लागली होती. "सोमवारी सगळे भंगारात दिले. मला तरी कुठं माहीत होतं?"

म्हणजे ओल्शिंकात चालू असलेला एकच सीबी रेडिओ उरला, आणि तो पाद्र्याच्या सीटखाली होता. चार वॅटचा, चुंबकाच्या अँटेनाचा. त्याचा आवाज पोचवायचा तर मोटरवेपाशीच जायला हवं होतं. गुरुवारी साडेबाराला चंदेरी गाडी दारात आली. तेक्लानं विटोल्डच्या गळ्यात मफलर गुंडाळला आणि खिशात कोबीच्या कचोऱ्यांचं पुडकं कोंबलं.

"त्याला दे."

"कसा देऊ? तो ताशी नव्वदनं खालून जाणार आहे."

"मला काय माहीत? फेक," तेक्ला म्हणाली आणि आत गेली.

मोटरवेवरून एक अरुंद पूल जातो, शेतांकडं जाणारा. त्यावर गाडी उभी केली. पाऊस बारीक आणि आडवा होता. खाली ट्रक धडधडत जात होते, आणि त्यातल्या एकाही ड्रायव्हरला एकोणीस नंबर आठवत नव्हता. विटोल्ड पुढच्या सीटवर माइक हातात घेऊन बसला. एक वाजून दहा मिनिटांनी त्यानं काच पुसली आणि त्याला ते दिसलं. पुलाच्या पलीकडं, उतारानंतर, ट्रक थांबायच्या जागेत हिरव्या पट्ट्याची गाडी उभी होती. दोन माणसं पिवळ्या जाकिटांत, हातात गाड्या थांबवायची दांडी.

"मगरी," फादर कुजबुजले.

"अर्ध्या तासाची तरी गोची," विटोल्ड म्हणाला. "सापडला तर. अलीकडं तीन किलोमीटरवर थांबा आहे, तिथं वळला तर सुटला." आणि त्यानं माइक तोंडाशी धरून ठेवला.

सव्वा वाजता खरखरीतून आवाज आला. जवळचा, स्वच्छ, एक शब्दही न तुटलेला. "करकोचा, करकोचा, मी काकडी. शेवटची फेरी आहे रे. आहेस का?"

"आहे," विटोल्ड म्हणाला. "ऐकतोय तुला. आता ऐकतोय."

"अरे, मेल्या," काकडी म्हणाला. त्याचा आवाज भिजला होता. "कुठं होतास?"

विटोल्डला बरंच सांगायचं होतं. पेटी, फाटक, टर्की, लुद्विका आजी. पण मोटरवेवर चार मिनिटं नव्हती. ट्रक भरधाव येत होता, दोन मिनिटांत पुलाखालून जाणार होता आणि मग समुद्रापर्यंत. काकडीलाही ते माहीत होतं. त्यानं घसा खाकरला आणि बावीस वर्षं विचारलं तेच विचारलं, कारण दुसरं काय विचारायचं हे दोघांपैकी कोणालाच येत नव्हतं.

"रस्ता कसा आहे पुढं?"

विटोल्डनं खाली पाहिलं. पिवळ्या जाकिटातल्या एका मगरीनं चहा संपवून कप झटकला. फादर रादोस्लाव विटोल्डकडं बघत होते. त्यानं बटण दाबलं. दाबून तसंच धरलं.

"साफ आहे," तो म्हणाला.

फादरांनी डोळे विस्फारले. "काका!"

"असू दे," विटोल्ड म्हणाला. "कबुली नंतर देतो. जिना कुठंय?"

पुलाच्या बाजूला देखभालीचा लोखंडी जिना होता. एकोणसत्तर वर्षांचा, मणक्यानं राजीनामा दिलेला माणूस तो ओला जिना उतरला, आणि त्याच्यामागून झगा वर धरून पाद्री. खाली पोचेपर्यंत मगरींनी काकडीचा निळा ट्रक बाजूला घेऊन उभा केला होता. दार उघडलं आणि आतून एक छोटासा, वाळलेला, जाड भिंगाचा म्हातारा उतरला. विटोल्डनं बावीस वर्षं एका धिप्पाड माणसाशी गप्पा मारल्या होत्या.

"ए, तुम्ही!" मगर ओरडली. "मोटरवेवर पायी यायला बंदी आहे! कोण तुम्ही?"

"तो माझ्याबरोबर आहे," छोटा म्हातारा म्हणाला. आवाज तोच होता.

दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. हातात माइक नसल्यावर हातांचं काय करायचं हे विटोल्डला कळेना. त्यानं खिशातून पुडकं काढलं आणि पुढं केलं. "कोबीच्या कचोऱ्या. तेक्लानं दिल्यात." मग एका दमात म्हणाला, "मी खोटं बोललो. मगरी दिसत होत्या. जन्मात पहिल्यांदा. तुला राग आला असेल तर..."

"माहितीये," काकडी म्हणाला.

"काय माहितीये?"

काकडीनं खिशातून फोन काढला. आतली बाई अजून बोलतच होती. पुढे तपासणी आहे, पुढे तपासणी आहे.

"सात किलोमीटरपासून कोकलतेय ही," तो म्हणाला. "मुलीनं घालून दिलीये. मागच्या थांब्यावर वळायला इंडिकेटर पण दिला होता मी. मग तू म्हणालास, साफ आहे. म्हटलं, करकोचा खोटं बोलतोय म्हणजे बोलावतोय."

विटोल्डनं मफलरनं तोंड पुसलं. पाऊसही होताच. फादर रादोस्लावांनी घड्याळ पाहिलं, शाळेचा तास सुरू होऊन गेला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्याची घाई वाटली नाही. मगरीनं कागद चाळले, शिक्का शोधला, ट्रकला एक चक्कर मारली आणि परत आली.

"सगळं ठीक आहे. निघा तुम्ही."

काकडीनं पुडकं उघडलं, एक कचोरी विटोल्डला दिली, एक स्वतः घेतली आणि एक मगरीच्या हातात ठेवली.

"असं कसं, साहेब?" तो म्हणाला. "टायर राहिले की बघायचे. मागं बरण्या आहेत, त्या पण मोजून घ्या. अकरा हजार आहेत."